कार्डाएवढी फट

आमच्या घरी व्हिजिटिंग कार्डांचा एक डबा आहे. बाबांची वकिली बंद पडली तरी कार्डं संपली नाहीत, कारण छापताना त्यांनी जन्मभराची छापून घेतली होती. त्यांचा उपयोग पुढे एकाच कामाला झाला, बुलेटचे पॉइंट सेट करायला. पॉइंट म्हणजे इंजिनाजवळचे दोन चिमुकले पत्रे. इंजिन फिरलं की ते मिटतात, उघडतात, आणि उघडताना ठिणगी पडते. त्यांच्यातली फट मोजायला बाजारात मापाच्या पट्ट्या मिळतात. बाबा म्हणायचे, "पट्ट्या कायले पाहिजेत? मायं कार्ड घाल. अडकलं पाहिजे, पण फाटलं नाई पाहिजे." मी शाळेत गणित शिकवते. मला हे पटायलाच नको होतं. पण कार्ड घालून फट बसवली की गाडी चालायची, मग वाद कुणाशी घालणार?

गाडी जुन्या पद्धतीची होती, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. नव्या गाड्यांवर शिकलेला माणूस तिच्यावर बसला की थांबायच्या वेळी नेमका गिअर दाबायचा आणि समोरच्या म्हशीवर जायचा. माझ्या दादानं तेच केलं होतं. म्हशीला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून बाबांनी चावी माझ्याकडे दिली. "याचे पाय बिघडले," म्हणाले. दादा पुढे पुण्याला नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. मी अकोल्यातच राहिले, जठारपेठेत, बाबांजवळ. आई आधीच गेली होती.

जुन्या गाड्यांची आमची टोळी बाबांनीच जमवली. भाई आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या सीटा शिवायचे. अमरावतीहून एक दातांचे डॉक्टर यायचे. रविवारी सकाळी मी, माझ्या मागच्या सीटवर बाबा आणि भाई त्यांच्या गाडीवर, असे अकोल्याहून निघायचो, डॉक्टर तिकडून, आणि मूर्तिजापूरला चहाच्या टपरीवर भेटायचो. पुढे कुठेही जायचं. चहा कमी आणि कार्बोरेटरच्या गप्पा जास्त. बाई म्हणून मला सुरुवातीला सगळे जरा जपून बोलायचे. मी एकदा भर रस्त्यात क्लचची तार बदलून दिली, तेव्हापासून मला शिव्याही मोकळेपणानं ऐकायला मिळू लागल्या.

टोळीचा एकच नियम होता, तोही बाबांचाच. कुणाची गाडी बंद पडली की त्यानं डावा हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. दुरुस्त झाली तर सोबत निघायचं. नाही झाली, तर ज्याची गाडी पडली त्यानं स्वतः "निघा" म्हणायचं, तेव्हाच बाकीच्यांनी जायचं. त्याच्या तोंडून शब्द आला नाही तर कुणी हलायचं नाही. आणि एकदा शब्द आला की वाद घालायचा नाही, मागं वळून पाहायचं नाही, सरळ किक मारायची. डॉक्टर महाहट्टी माणूस. एकदा दर्यापूरच्या अलीकडे त्यांची गाडी पडली आणि त्यांनी "निघा" म्हणायला संध्याकाळ केली. आम्ही बाभळीखाली उपाशी बसून होतो. बाबांनी एका शब्दानं टोकलं नाही त्यांना. "त्याची गाडी, त्याचा शब्द," एवढंच म्हणाले.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दादा धावत आला. म्हणाला, पुण्याला चला, तिथं दवाखाने आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे. बाबा भिंतीकडे पाहत पडून होते. मग एकेक शब्द ओढून काढत बोलले, "माई गाडी... चालू हाय... तोवर... मी इथून हलत नाई. बंद पडंल... मंग न्या." दादा हसला. मीही हसले. तेव्हा वाटलं, बापा, काय वकिली आहे!

हसू लवकरच विरलं. बाबा पुढे वॉकर धरून कशीबशी चार पावलं टाकू लागले, बाकी वेळ पलंगावर. गाडी घराच्या बोळात, बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी असायची. रविवारी सकाळी मी ती सुरू करायचे आणि आतून आवाज यायचा, "टॅपिट... वाजून... राहिले." इंजिनातले टॅपिट सैल झाले की टकटक वाजतात. मी पाना घेऊन बसायचे, ते सारखे करायचे. पुन्हा किक, पुन्हा आतून तेच. त्यांचं समाधान झालं की शेजारच्या काकूंना बसवून मी बाहेर पडायचे. आठवडाभरात तेवढाच काय तो माझा श्वास. आणि ही गाडी मी माझ्याच हातांनी, ऑइलनं काळी होत, चालू ठेवत होते. म्हणजे बाबांना इथं बांधून ठेवत होते आणि त्यांच्याबरोबर मलाही. खुट्याला बांधलेली गाय निदान खुटा स्वतः तर ठोकत नाही.

दिवसही तसेच होते. कापसाची ती वर्षं वऱ्हाडात राहिलेल्या कुणाला सांगायला नकोत. माझ्या वर्गातल्या खेड्यावरच्या मुली वर्षाच्या मध्येच गळायच्या. विचारलं की बाकीच्या खाली पाहायच्या. रस्त्यावर आमच्या टोळीनं नवी रीत पाडून घेतली होती. गावात कुठे दारासमोर मयतीची माणसं खाली बसलेली दिसली, की इंजिन बंद करायचं आणि ते घर मागे पडेपर्यंत गाडी ढकलत न्यायची. बुलेटच्या धडधडीची लाज वाटायची अशा वेळी. पुढे पुढे असं झालं, की अंजनगाव सुर्जीच्या बाजूला गेलो तर बसणं कमी आणि ढकलणं जास्त. भाई एकदा घाम पुसत म्हणाले, "ताई, आपण गाडी चालवून राहिलो का गाडी आपल्याले चालवून राहिली?"

त्या उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका शाळेनं बोलावलं. मुलाखत झाली, निवड झाली, जूनमध्ये हजर व्हा म्हणाले. मला जायचं होतं. आडवळणानं कशाला सांगू, मला जीव तोडून जायचं होतं. सकाळी स्वतःसाठी चहा करावा, दाराला कुलूप लावावं आणि कुणाच्याही औषधाची वेळ डोक्यात न ठेवता चालू लागावं, एवढंच मला पाहिजे होतं. बाबांना मी काही सांगितलं नाही. दादाला मात्र फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग एक वायर काढून ठेव ना गाडीची! त्यांना काय कळणार आहे पलंगावर?"

"त्याईले टॅपिटचा आवाज भिंतीतून समजते, भैताडा," मी म्हणाले आणि फोन आपटला.

पण वायर डोक्यातून गेली नाही. पुढच्या रविवारी आम्ही सेमाडोहला निघालो. परतवाड्याच्या पुढे घाट लागला आणि माझी गाडी धापा टाकून बंद पडली. मी डावा हात वर केला. सगळे थांबले. सागाच्या सुकलेल्या पानांत मी गाडीजवळ उकिडवी बसले आणि पाना हातात घेऊन नुसतीच बसून राहिले. इथंच सोडून द्यावी, वाटलं. घरी जाऊन सांगावं, बाबा, पडली, संपली. खोटंही नव्हतं ते!

भाई येऊन शेजारी बसले. "काहून बसून राहिल्या, ताई? खोला ना."

"नाही खोलत."

"मंग निघा म्हणा. आमी जातो."

तेही तोंडातून निघेना. मग मी रडले, चांगली हमसून रडले, आणि पुण्याचं सगळं त्यांना सांगितलं. भाईंनी ऐकून घेतलं. तोवर त्यांनी माझ्या हातातला पाना काढून कार्बोरेटर उघडलाही होता. आतला कचरा फुंकून ते म्हणाले, "तुमच्या अब्बाले सांगा. वकील माणूस हाय, दोन्ही बाजू ऐकते." गाडी सुरू झाली. सेमाडोहला आम्ही भजी खाल्ली, अंधार पडायच्या आत परतलो, आणि मी बाबांना काही सांगितलं नाही.

दादानं मात्र सांगितलं. फोन बाबांच्या उशाशीच असायचा. मी शाळेत असताना त्यानं त्यांना सगळं ऐकवलं, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरच्या रविवारी गाडी लागलीच नाही. मी किक मारत राहिले. हेडलाइटजवळच्या बॅटरीच्या मीटरचा काटा एरवी किकबरोबर डावीकडे झुकतो, तो जागचा हलेना. बॅटरी ठीक होती, दिवा लागत होता. पायात गोळे आले तेव्हा भाईंना बोलावलं. आतून टॅपिटचं काही आलं नाही, पण इंजिनच सुरू नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

भाईंनी पॉइंटच्या झाकणाला हात लावला आणि थबकले. झाकणाला दोनाऐवजी एकच स्क्रू होता, तोही अर्धवट. झाकण काढलं तर आत, पत्र्यांच्या मधोमध, कार्डाचा तुकडा. कागद मध्ये असला की पत्रे मिटणार कसे आणि ठिणगी पडणार कशी! भाईंनी माझ्याकडे पाहिलं. फट बसवताना कार्ड आत विसरून झाकण लावायचं, ही चूक आमच्या घराशिवाय कुठे होणार? मलाही क्षणभर वाटलं, आपणच विसरलो. पण मग मागच्या रविवारी मी सेमाडोहहून आले कशी? आणि मी कार्ड नेहमी कात्रीनं कापते. हा तुकडा दातांनी फाडलेला होता.

मी खोलीत गेले. बाबा जागे होते. वॉकर रोजच्या जागेवर नव्हता, दाराकडे तोंड करून उभा होता. डाव्या हाताची नखं काळी झाली होती. एका हातानं, त्यातही डाव्या, तो स्क्रू काढायला त्यांना किती वेळ लागला असेल देव जाणे.

"बाबा, हे काय आहे?"

"बंद... पडली."

"पडली नाही, तुम्ही पाडलीत! पुण्याले यायचं होतं तर तोंडानं सांगता नव्हतं येत?"

त्यांनी मान हलवली. "मी नाई." दम खाल्ला, लाळ गिळली. मग डावा हात वर केला, रस्त्यावर करायचो तसा, अगदी सरळ. "निघा," म्हणाले.

जन्मात त्यांनी मला कधी निघा म्हटलं नव्हतं. मी 'निघ' होते, 'जाय' होते, 'उठ व' होते. टोळीतल्या माणसाला म्हणतात तसं ते मला म्हणत होते. ज्याची गाडी पडली तो मागे राहतो आणि बाकीच्यांनी जायचं असतं. ते पुण्याला येणार नव्हतेच. मला एकटीला सोडत होते.

आणि मला काय वाटलं? राग आला. असा राग आला की कानशिलं तापली. एवढी वर्षं मी दार बंद आहे म्हणून धडका मारल्या आणि ह्या माणसानं एका शब्दात ते उघडून दिलं! आता जायचं की नाही हे माझ्यावर आलं. "मोठे आले निघा म्हणणारे!" मी ओरडले. "पाणी कोण पाजणार तुमाले? औषध कोण देणार? भाई? काकू?" त्यांचा हात वरच होता.

मी तरातरा बोळात आले. तोच फाटका तुकडा पत्र्यांत घालून फट पाहिली, ओढून काढला, झाकण एका स्क्रूवर बसवलं. भाई म्हणाले, "ताई, रुका जरा. घडीभर बसा." मी ऐकलं नाही. तोंडानं बडबडत होते, नाक पुसत होते, आणि उजवा पाय किकवर ठेवला.

एरवी घाम काढणारी मेली ती गाडी पहिल्या किकला लागली.

बोळ दणाणून गेला आणि तेव्हा मला कळलं आपण काय करून बसलो. निघा म्हटल्यावर सरळ किक मारायची असते, आणि ती मी मारली होती. भाई तोंड फिरवून गल्लीकडे पाहत होते. मी इंजिन तसंच चालू ठेवून आतला आवाज ऐकत उभी राहिले. टॅपिट वाजत होते, चांगले खणखणीत वाजत होते. बाबा काही बोलले नाहीत.