आधी देवाला विचारून येतो

टेस्टट्यूब बेबीच्या क्लिनिकमध्ये दहा वर्षं काढली ना, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ड्रॉवरमधल्या बंद पडलेल्या पेनांसारखे ते आपले आपण साठतात. आमचं क्लिनिक कांदिवलीला, आणि मी तिथली काउन्सेलर. पाच दिवसांच्या गर्भाच्या दोन-चार पेशी काढून आनुवंशिक आजार आहे का ते बघतात, आजार असलेला गर्भ बाईच्या पोटात सोडत नाहीत. हे नवरा-बायकोला समजावून सही घ्यायची, एवढंच माझं काम. डॉक्टर विज्ञान सांगून मोकळे होतात. मग ती माणसं माझ्याकडे येतात आणि दार लावून विचारतात, "मॅडम, पाप नाही ना लागणार?" आता मी एमएस्सी झालेली बाई यार, मला पापाचं कुठे शिकवलंय!

*

भांडुपची प्राची आठवते. तिच्यात आणि नवऱ्यात, दोघांतही थॅलेसेमियाचा दोष. त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण मुलगी चिऊ, सात वर्षांची, तिच्यात आजार पुरता उतरला. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दुसरं बाळ हवं होतं, पण या आजाराशिवाय. पेन हातात घेऊन प्राची थांबली. "आई हो म्हणाल्याशिवाय मी सही नाही करणार. चिऊला रक्त चढवायला दर वेळी त्याच नेतात हो."

आई म्हणजे सासूबाई. मालवणकडच्या, नवरा मिलमध्ये होता, तो गेल्यावर खानावळ चालवून मुलगा शिकवलेला. शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "देव देता ता आपण निवडूचा? माका नाय पटना. गावाक जातंय, कौल लावतंय."

कौल म्हणजे गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मी फाइल बाजूला ठेवली. त्या गावाहून येईपर्यंत बाकीचं सांगते.

*

आमची रिसेप्शनिस्ट रीना, बोरिवलीची, पक्की कॅथलिक. तिच्या चर्चला तपासणी तर सोडाच, लॅबमध्ये गर्भ तयार करणंच मान्य नाही. ही दर महिन्याला कन्फेशनला जाऊन सांगते, मी अशा ठिकाणी काम करते. एकदा फादर वैतागले. "रीना, गेल्या महिन्यातही हेच सांगितलंस."

ही म्हणाली, "फादर, नोकरीपण तीच आहे ना."

*

मुलुंडच्या एका काकांना सुनेचे गर्भ नेमके किती वाजता तयार झाले ती वेळ हवी होती. गुरुजी पत्रिका मांडणार, ज्याची चांगली तोच गर्भ ठेवायचा, तपासणीची भानगडच नको. लॅबमधल्या देशपांडेने वेळ लिहून दिली. गर्भ तीन आणि वेळ एकच, त्यामुळे गुरुजींची वाट लागली. शेवटी निकाल आला, तिघांनाही परदेशयोग आहे.

देशपांडे शांतपणे म्हणाला, "काका, सध्या तिघं फ्रीजरमध्ये आहेत. तपासणी करून घेऊ, व्हिसाचं मग बघू."

*

घाटकोपरचे एक जैन शेठ. अतिशय सज्जन माणूस. त्यांच्या सुनेच्या एका गर्भात आजार निघाला. तो टाकायचा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "बेन, जीव आहे. टाकायचा नाही."

"मग फ्रीजरमध्ये ठेवू. किती वर्षं लिहू?"

शेठनी खरंच विचार केला. म्हणाले, "त्याला मोक्ष मिळेपर्यंत."

फॉर्मवर तो पर्याय नव्हता. मी बराच वेळ तो रकाना रिकामाच ठेवला. हसायला येत होतं आणि त्यांचं मनापासून पटतही होतं.

*

तर नवव्या दिवशी प्राचीच्या सासूबाई आल्या. माझ्यासाठी कोकमाच्या सोलांची पिशवी. प्राचीचा चेहरा पांढरा पडलेला, रात्रभर झोपली नसावी. सासूबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "देवान उजवो दिल्यान. कर सही."

प्राचीने सही केली आणि तिथेच रडायला लागली. रीना तिला रक्त तपासायला आत घेऊन गेली.

सासूबाई उठल्या, दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

"मॅडम, कौल डावो इलो. तीनदा लावलो, तीनय वेळा डावो. तिका सांगू नको."

"आणि तरी तुम्ही..."

त्यांनी पदर नीट केला.

"सुई टोचतत तेवा चिऊचो हात माझ्या मांडयेर असता, देवाच्या नाय."