तव्यात गेलेलं राज्य

मुलगी बघायला मी कसबा बावड्याला गेलो, आणि तिचे वडील मला नाणी दाखवत बसले. त्यांना जुन्या नाण्यांचं वेड, मला लग्नाची घाई. म्हणून ठोकून दिलं, की मलाही प्राचीन नाण्यांची फार आवड. तोवर मी पाहिलेलं सर्वांत प्राचीन नाणं म्हणजे भोकाचा पैसा.

ते इतके खूश झाले, की सातवाहन काळातलं एक नाणं त्यांनी थेट माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट, बोजड, पण वर ताणलेलं धनुष्य असं देखणं, की आता बाण सुटेल म्हणून मी बोट बाजूला घेतलं. कडेनं राजाचं नाव. राजा काही गावोगाव फिरत नसे, ते म्हणाले. हे नाणं बाजारात आलं, की मालक कोण ते लोकांना कळायचं. पुढं धातू कुठला तेही त्यांनी सांगितलं, पण नेमकी तेव्हाच मुलगी पोहे घेऊन बाहेर आली.

“घेऊन जावा पावणं,” मी निघताना ते म्हणाले, “निवांत बघा. रविवारी ठरवायला येताय न्हवं, तवा आणा की.”

घरी आल्यावर वाटलं, लखलखीत करून परत दिलं तर लग्न पक्कंच. चिंचेनं घासलं, धुतलं. बाहेर ढगाळ, म्हणून स्टोव्हवरच्या तव्यात वाळत ठेवलं आणि दाढीला बसलो. येऊन बघतो तर धनुष्य नाही, बाण नाही, राजाही नाही. एक चकचकीत थेंब तव्यात लोळत होता. नाणं शिशाचं होतं. आणि मी नोकरीला कुठं, तर शिरोलीच्या फौंड्रीत. धातू वितळवायचाच पगार घेत होतो. परत ओतावं असंही मनात आलं, पण साचा कुठनं आणणार?

रविवारी रुमालातनं तो गोळा घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो उलटासुलटा केला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“दोन हजार वर्षं मातीत टिकलं,” ते हळूच म्हणाले, “पावण्यांच्या तव्यात न्हाय टिकलं.”

आता चहासुद्धा मिळणार नाही, असं समजून मी चपला शोधू लागलो. एवढ्यात मुलीची आई बाहेर आली. घरातल्या एकुलत्या कपाटात नाणी, आणि तिच्या साड्या ट्रंकेत, हे भांडण त्या घरात जुनं होतं.

“बसा पावणं. एक तर कमी झालं. अजून तीन डबं हाईत, ते बी घेऊन जावा.”

आतून मुलीचं हसू फुटलं, आणि तिच्या वडिलांनाही मग गंभीर राहता येईना.

लग्न झालं. सासऱ्यांनी मला कधी काही कमी केलं नाही. फक्त नाण्यांचा डबा उघडायचा झाला, की आधी मला हात पाठीमागं बांधायला लावत.