तळातली खिचडी

आक्कांचा 'नको' या शब्दावर विश्वास नव्हता. दापोडीतल्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिथे त्या सरकारी खिचडी शिजवत. "नको म्हणणारं पोरगं खोटं बोलतंय," असं त्यांचं मत होतं, आणि ते बदलण्याची संधी त्यांनी कुणाला दिली नाही.

दुसऱ्यांदा वाढून घ्यायला पोरं लाजत. ज्यांना खरी गरज असे, ती जास्त. घरून डबा आणणारी बिनदिक्कत ताट पुढे करत. लाजणाऱ्याला आक्का कधी "भूक लागलीय का?" असं विचारत नसत. पातेल्याच्या तळाशी थोडी खिचडी राखून ठेवत आणि वैतागून ओरडत, "ए, हिकडं ये. पातेलं घासायचंय मला. एवढं संपवून दे, उपकार होतील." पोरगं उपकार करायला बसे. आक्का स्वतः मात्र शाळेत घास घेत नसत. "मी घरनं खाऊन आलेय," हे उत्तर ठरलेलं.

पोरांच्या आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची, असा नियम आहे. एकदा पोषणाचं महत्त्व सांगायला एक पाहुणे आले. बॅनरवर त्यांचा फोटो ताटाच्या फोटोपेक्षा मोठा होता. भाषण लांबलं. पोरं रिकाम्या ताटांपुढे बसून पोषणाचं महत्त्व ऐकत होती. आक्का ताटली घेऊन थेट व्यासपीठावर चढल्या.

"सायेब, चव घ्या. त्याबिगर पोरांना वाढता येत न्हाई. नियम हाय."

फोटो काढणारा समोरच उभा होता. पाहुण्यांनी मोठा घास घेतला. घास गरम होता, त्यामुळे भाषण तिथेच संपलं. टाळ्या मनापासून पडल्या. चव रोज मी घेत असे. त्या दिवशीही घेतली होती, आणि ती आक्कांच्या समोरच.

पुढे शाळाशाळांतल्या शेगड्या बंद करून एकाच मोठ्या स्वयंपाकघरातून टेम्पोने डबे पाठवायचं ठरलं. परिपत्रकात 'आधुनिक' हा शब्द पुष्कळदा होता. आक्कांचं काम गेल्याचं त्यांना मीच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"मग तळाचं काय?"

"डबे असतात आक्का. पातेलं नसतं."

"अन् लाजरी पोरं?"

परिपत्रक मी पुन्हा वाचलं. लाजण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी पोरं जेवून गेल्यावर मी म्हटलं, "आक्का, आज तरी जेवा."

"नको सर. घरनं खाऊन आलेय."

मी तळातली खिचडी ताटात काढली. "पातेलं जमा करायचंय. एवढं संपवून द्या, उपकार होतील."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सर, तुमाला खोटं बोलता येत न्हाई," म्हणाल्या, आणि मांडी घालून बसल्या. ताट पुसून खाल्लं.

टेम्पो आता वेळेवर येतो. वाढायला मी उभा असतो. टेम्पोचा डबा रिकामाच परत पाठवायचा नियम आहे, असं एखाद्या लाजऱ्या पोराला वैतागून सांगतो. असा नियम कुठेही नाही. सरावाने माझं खोटं बरंच सुधारलं आहे.