गिरजाक्कानं हाताला सांगितलं

गिरजाक्का, माझी थोरली जाऊ, गेली हा निरोप ठाणाकुशनूरहून औरादला आला तेव्हा मी उंच तारेवर लुगडी वाळत घालत होते. महिना झाला, पण सांगायचं राहूनच गेलं... हा उजवा हात वर जातो तो तिच्यामुळं!

आमचा हा भाग म्हैसूर राज्यात होता तेव्हाची गोष्ट. विहिरीवर पाय घसरला अन् माझा उजवा खांदा मुरगळला. सासूबाईंनी हळदीचा लेप लावून हात गळ्यात बांधला. आमच्याकडं रीतच ती. सूज आठ दिवसांत उतरली, पण बांधलेलं कुणी सोडेना. दुखतं म्हणून हलवायचा नाही, अन् हलवत नाही म्हणून जास्तच दुखायचं! बिब्ब्याचे डाग दिले, तरी तेच. वर्षाची लेक हात पसरून यायची अन् मला तिला उचलता यायचं नाही. जन्मभर असंच राहिलं तर?

दोन महिन्यांनी गिरजाक्का आली अन् तिनं ते कापडच सोडून फेकलं.

"अगं अक्का, हात तुटंल माझा!"

"तुटायचा असता तर कवाच तुटला असता. आतलं भरलंय, पर हाताला कुनी सांगितलंच न्हाई. अजून भिऊन बसलाय त्यो."

"लई डाक्टरीण लागून गेलीस! तुला कसं कळलं?"

मग तिनं हसत सांगितलं. खुरपताना कंबर धरली म्हणून तीही चार महिने पडून होती. एक दिवस वासरू सुटलं, अन् ही मागं पळत सुटली! धरून आणल्यावर आठवलं, आपली कंबर दुखती म्हणून!

दुसऱ्या दिवसापासून त्याच हातानं, कोळशानं भिंतीवर रेघ. रोज एक बोट वर, जास्ती नाही. मी रडायची. ती म्हणायची, "रड की, पर रेघ वड. कामून थांबायलीस?" रेघांचा कंटाळा आला तेव्हा पुडीच्या कागदावरची अक्षरं बघून काढायला लागले. क, ग, म... लिहायला शिकले ती अशी! अक्षरं दाराच्या चौकटीवर गेली त्या दिवशी लेकीला उचलून थेट डोक्यावर धरलं. गिरजाक्का टाळ्या पिटत नाचली!

परवा महिन्यापूर्वी तिच्या मातीला गेले, तर तिची सून माझ्यासाठी बाज टाकायला लागली. "काकू, आडव्या व्हा, अंग दुखायलं असंल." गिरजाक्काची बाज दिवसा कायम भिंतीला उभी असायची, कुणी लोळू नये म्हणून. मी ती उचलली, जागेवर उभी केली अन् म्हटलं, "चल पोरी, आधी अंगण झाडू."