मोरेश्वरनं न मागितलेली परवानगी

कुंदाचा फोन आला तेव्हा मी व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या भारतीय किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होते. "अगं, मोरेश्वर उठतच नाहीये," एवढंच ती म्हणाली. मागे कुणीतरी तिला इंग्रजीत हळूहळू काही समजावत होतं, बहुधा ॲम्ब्युलन्सबरोबर आलेला माणूस. मी जुडी होती तिथेच ठेवली आणि गाडीत बसले. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मला मोरेश्वरचा राग येत होता. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यायला हवं, मला राग आला. आता काही आठवडे उलटलेत, रडूनही झालंय, पण तो राग काही पुरता गेलेला नाही. तो कसला, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

डॉ. मोरेश्वर चिंचोळकर नागपूरला गुरांचा डॉक्टर झाला आणि पुढे शिकायला म्हणून अमेरिकेत आला तो इथलाच झाला. आमची ओळख मराठी शाळेतली. रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शाळेत मी मुलांना बाराखडी शिकवायचे आणि हा आपल्या मुलाला सोडायला येऊन वर्गात मागच्या बाकावर ठाण मांडायचा. मी पुण्याची, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्यावर मागून शेरा ठरलेला. "मॅडम, एवढं शुद्ध कोण बोलून राहिलं हो घरी?" मुलं खिदळायची, मी डोळे वटारायचे, आणि शाळा सुटल्यावर त्याच्याच थर्मासमधला चहा आम्ही पार्किंगमध्ये उभ्यानं प्यायचो. त्याची बायको कुंदा माझी मैत्रीण झाली ती तिथेच. मोरेश्वरचं काम मात्र चारचौघांत सांगायला सोपं नव्हतं. ज्या प्राण्यांवर औषधांचे आणि शस्त्रक्रियांचे प्रयोग होतात, त्यांची प्रयोगशाळेत काळजी घेणारा तो डॉक्टर. भूल नीट दिली का, वेदना थांबवायचं औषध वेळेवर गेलं का, यावरून तो मोठमोठ्या शास्त्रज्ञांशी कडाकडा भांडायचा. एखाद्या पार्टीत कुणी नाक मुरडून विचारायचं, "म्हणजे तू कुत्र्यांना मारतोस?" तो शांतपणे म्हणायचा, "हो, कधी कधी." मला एकदा म्हणाला, "मीच त्यांचा डॉक्टर आणि शेवटचं इंजेक्शनही माझंच. एक सांगून दुसरं लपवायचं, हे मला जमत नाही." हा त्याचा गुण होता, आणि त्यानंच पुढे सगळा घोळ केला.

व्हर्जिनियात येण्याआधी ते दुसऱ्या एका राज्यात होते. तिथल्या प्रयोगशाळेत प्राणीमुक्तीवाल्या एका टोळक्यानं घुसून नासधूस केली होती. पिंजरे उघडून दिले, आणि त्यातले बरेचसे प्राणी बाहेरच्या हायवेवरच मेले. पण त्याहून वाईट होते घरी आलेले फोन. एका दुपारी कुंदानं फोन उचलला तर पलीकडचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, तुमचा मुलगा आज शाळेत लाल जॅकेट घालून गेलाय ना? बस्स, एवढंच. धमकीचा शब्दही नाही. पोलिसांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, जॅकेटचा रंग सांगणं हा काही गुन्हा होत नाही. कुंदा त्यानंतर कित्येक महिने पोराला एकटं अंगणातही सोडत नसे.

म्हणून तो कायद्याच्या मागे लागला. प्राण्यांवर संशोधन करणारे, प्राण्यांशी संबंधित धंदे करणारे, यांना आणि यांच्या घरच्यांना धमकावणं, त्यांच्या मालमत्तेचं नुकसान करणं हा केंद्रीय गुन्हा धरावा आणि त्यासाठीचा कायदा आणखी कडक व्हावा, अशी मागणी तेव्हा चालली होती. मोरेश्वर सुट्ट्या टाकून वॉशिंग्टनला जायचा, लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात ताटकळत बसायचा आणि लाल जॅकेटची गोष्ट पुनःपुन्हा सांगायचा. त्या कायद्याच्या नावातच दहशतवाद हा शब्द होता. मला तो खटकायचा. मी म्हणायचे, "अरे, इतका जड शब्द. उद्या नुसता बोर्ड घेऊन उभा राहणाराही त्यात सापडेल." तो म्हणायचा, "बोर्डवाल्याला कुणी हात लावायचा नाही, मीच त्याच्या बाजूनं बोलेन. पण माझ्या पोराच्या जॅकेटवर नजर ठेवणाऱ्याला लावायचाच." आमचं यावर कधी एकमत झालं नाही. कायदा झाला तेव्हा त्यानं पेढे वाटले, आणि मी खाल्ले.

इकडे व्हर्जिनियात आल्यावर त्यांनी फार काळजी घेतली. घराचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, टपाल पोस्टातल्या पेटीवर घ्यायचं, मंडळाच्या यादीतून नाव काढायचं, सगळं मोरेश्वरच्या नव्या कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी सांगितलं तसं. आम्ही मोजकी मंडळीच त्यांच्या घरी जायचो. त्यांत शुभा होती आणि तिची मुलगी अनु. अनु माझ्या मराठी शाळेतली, आणि मोरेश्वरचा तर जीव की प्राण. पंख मोडलेला पक्षी सापडला की ती शुभाला गाडी काढायला लावून थेट त्याच्याकडे यायची, आणि मग दोघं गॅरेजमध्ये बसून आइसक्रीमच्या काडीनं पंख बांधायचे. आपणही प्राण्यांची डॉक्टर, व्हेट व्हायचं हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. "काका, डझ इट हर्ट हिम?" ती विचारायची, आणि मोरेश्वर तिला कधी खोटं सांगायचा नाही. "हर्ट होतं. म्हणून तर हळू." पुढे कॉलेजात गेल्यावर ती बदलली. दूध-तूप सोडलं, ते ठीक, पण एका दिवाळीच्या फराळाला तिनं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "हाऊ डू यू स्लीप, काका?" त्यानंतर तिचं येणं थांबलं. त्याला लागलं होतं ते, पण तो म्हणाला, प्रश्न बरोबर आहे तिचा.

आणि मग एक चूक झाली. तशी चूक आपलीच माणसं करू शकतात. मोरेश्वर निवृत्तीला आला होता, इतक्या वर्षांत काही घडलं नव्हतं, आणि कुंदाच्या मनानं घेतलं की या वर्षी गणपती मोकळेपणी करायचा. इतकी वर्षं तिच्या घरचा गणपती चोरून आणल्यासारखा यायचा, आरतीला जेमतेम चार डोकी. गणपतीला दार बंद ठेवणं तिच्या जिवाला खात होतं. तिनं छानसं आमंत्रण केलं, मखराचा फोटो, आरतीची वेळ, डॉ. मोरेश्वर व कुंदा चिंचोळकर, खाली घराचा पूर्ण पत्ता, सर्वांनी सहकुटुंब यावे. आणि टाकलं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मोरेश्वर म्हणालाही, "पत्ता टाकलास?" तर ती म्हणाली, "पत्ता न देता गणपतीला बोलावतात का कुणी? सगळी आपलीच तर आहेत." घर नुसतं फुलून गेलं त्या दिवशी. दारात चपलांचा ढीग, उकडीचे मोदक कमी पडले, आणि मोरेश्वर प्रत्येक येणाऱ्याला दारापर्यंत जाऊन आत आणत होता. त्याला इतका मोकळा मी कधीच पाहिला नव्हता.

शुभानं ते आमंत्रण कौतुकानं अनुला पाठवलं. अनुच्या कॉलेजातल्या गटात त्याच सुमारास मोरेश्वरच्या कंपनीतला एक व्हिडिओ फिरत होता, बघवणार नाही असा. तिनं आमंत्रण त्या गटात टाकलं आणि लिहिलं की हा माणूस मला माहीत आहे, मी याच्या घरी जेवले आहे. पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण कुंदाला ते वाचावं लागणार आहे. विसर्जनानंतर काही दिवसांनी पहाटे तिघं आले. दारावर लाल रंग ओतला, आणि एकानं पेटती बाटली फेकली. ती ओसरीवर फुटली, तोरण जळलं, दार काळं पडलं. कुंदा आत स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मोरेश्वरनं बागेतल्या नळीनं आग विझवली, म्हणून एवढ्यावरच निभावलं. अनु रस्त्याच्या पलीकडे गाडीत होती. गाडी तीच चालवत होती. बाटलीचं तिला ठाऊक नव्हतं, असं ती पहिल्यापासून सांगत आली, आणि मोरेश्वरनं त्यावर विश्वास ठेवला. पण चौघंही पकडली गेली, आणि कट केला की सगळेच त्यात आले, आणि तिला लावला गेला तो मोरेश्वरनंच मागितलेला कायदा. विशीतल्या पोरीच्या नावापुढे तो जड शब्द लागला. शुभा मला म्हणाली, "माझ्या अनुला टेररिस्ट म्हणतायत गं..." आणि तिला बसवून घ्यायला मला खुर्ची शोधावी लागली.

शिक्षेच्या दिवशी मी कुंदाशेजारी बसले होते. अनुच्या वकिलानं मोरेश्वरला आधी येऊन विनवलं होतं की ती तुम्हाला मुलीसारखी आहे एवढं सांगा, न्यायाधीश ऐकतील. मोरेश्वर उभा राहिला आणि त्यानं ते सांगितलं. पक्ष्यांचं सांगितलं, ती उत्तम डॉक्टर होईल हे सांगितलं, तिला जास्तीत जास्त दया दाखवा म्हणाला. आणि मग तिथेच थांबायचं सोडून, एक सांगून दुसरं लपवणं जमत नाही म्हणून, पुढे म्हणाला, "पण मी घाबरलो होतो. या मुलीला माझी बायको कुठल्या खोलीत झोपते ते माहीत होतं." अनुला तुरुंगवास झाला, सुटल्यावर काही वर्षं कोर्टाची देखरेख, आणि त्या मुदतीत चिंचोळकरांच्या घराजवळ फिरकायचं नाही, फोन नाही, पत्र नाही, कुणामार्फत निरोपही नाही. शुभा आमच्याकडे न बघता निघून गेली. परतताना गाडीत मोरेश्वर मला म्हणाला, "मी खोटं काय बोललो?" मी म्हटलं, "काहीच नाही."

अनु सुटली. तिच्या घरचे तोवर टेक्ससला, प्लेनोला निघून गेले होते. व्हेट कॉलेजचं दार आता तिच्यासाठी जवळजवळ बंदच होतं. कुत्र्यांना आंघोळ घालण्याच्या एका दुकानात ती नोकरीला लागली, असं इकडून तिकडून कळलं. मोरेश्वरला तिला भेटायचं होतं. हे तो मला कितीदा बोलला असेल. चालायला जाताना, चहा पिताना, मध्येच. "तिला एकदा समोर बसवून सांगायचंय यार, की भीती खरी होती, पण राग नव्हता." मी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, मनाई पीडितांच्या संरक्षणासाठी आहे, त्यांनीच विनंती केली तर बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी मिळते. मी धावत जाऊन मोरेश्वरला सांगितलं, तर हा ढिम्म. म्हणाला, "कायदा मी मागितला. लोकांच्या दारात जाऊन मागितला. आता मला जड झाला म्हणून माझ्यापुरती सूट मागू? मुदत संपू दे, मग रीतसर भेटू." मी भांडले, कुंदानं हात जोडले. मी तर म्हटलं, अरे मोरेश्वर, माणसांपेक्षा तुझा कायदा मोठा आहे का? तो म्हणाला, "नाही. पण मी तरी तो मोडायला पहिला नको." मुदत संपायला आता थोडेच महिने उरले होते. त्या सकाळी तो चहाला उठलाच नाही.

हा माझा राग आहे. जन्मभर प्राण्यांच्या वेदना कमी करायला भांडलेल्या माणसानं आपली आणि त्या पोरीची वेदना अशी ताटकळत ठेवली. त्याचं तत्त्व कळत होतं मला, अजूनही कळतं. कायदा चुकीचा होता असं कुंदाच्या तोंडाकडे बघून मला म्हणवत नाही, बरोबर होता असं शुभाच्या तोंडाकडे बघून म्हणवत नाही. पण त्यानं ती परवानगी मागायला हवी होती.

तेराव्यानंतर कुंदानं ती मागितली. त्याच वकिलाला एक फोन केला आणि इंग्रजीत म्हणाली, मला या मुलीला माझ्या घरी बोलवायचं आहे. आठवड्याच्या आत कोर्टाचा होकार आला. एवढंच होतं.

गेल्या शनिवारी अनु आली, शुभाबरोबर, विमानानं. दारातच उभी राहिली. केस कापलेले, हातांवर ओरखडे, कुत्र्यांचे असणार. मराठी शाळेत माझ्यासमोर बसलेली पोर, तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना. ती आत न येता कुंदाला म्हणाली, "काकू, वॉज ही स्केअर्ड ऑफ मी?"

"हो," कुंदा म्हणाली. "आणि तुझी वाट बघत होता."

अनुनं ओंजळीत तोंड लपवलं. शुभा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि आम्ही चौघी दारातच उभ्या. मग तिनं खाली वाकून बूट काढले आणि ते पायरीच्या एका कडेला, अगदी बाहेर ठेवायला लागली. कुंदा म्हणाली, "तिथे नको गं," आणि ते उचलून आत घेऊन गेली. दाराशी चपलांची लाकडी मांडणी आहे, तिच्या वरच्या खणात मोरेश्वरचे चालायला जायचे बूट अजून तसेच आहेत, टाचा दबलेले, लेसची गाठ न सोडता काढलेले. मी दोनदा म्हटलं होतं कुंदाला की आवरून टाकू या, ती ऐकत नव्हती. आता तिनं ते उचलले नाहीतच. जरासे भिंतीकडे सरकवले, आणि शेजारी झालेल्या जागेत अनुचे बूट ठेवले.