लायनीचं टपाल

ऐंशीच्या सुमारास आम्ही लखनौला, महानगर नावाच्या वस्तीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारचा मुलगा कॉलेज संपवून आई-वडिलांकडे परत आला, त्याला दोन वर्षं झाली होती. मी मराठीत काही विचारलं, तरी तो "हाँ, देखिए काकू" म्हणून हिंदीतच सुरू व्हायचा.

रोज अकराला तो पोस्टमनला कोपऱ्यावरच गाठायचा आणि सगळ्या लायनीचं टपाल स्वतः घरोघर वाटायचा. बाकीच्यांना त्याचं भारी कौतुक. मला मात्र ते खटकायचं. दहापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्याला टपालाची एवढी कसली घाई?

एकदा त्याने दिलेल्या माझ्या पत्रांत त्याच्याच नावाचं पाकीट निघालं. फोडलेलं. आत झाशीच्या नोकरीचं बोलावणं होतं, येत्या सोमवारी रुजू व्हायचं.

संध्याकाळी मी ते घेऊन त्यांच्याकडे गेले. त्याची आई नुकतीच बुद्धवंदना करून उठली होती.

"काय सांगू वहिनी," ती म्हणाली, "दोन वर्षांत एक बोलावणं नाही. हा पोस्टमनच हरवत असेल बघा."

मी पाकीट पुढे केलं. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "काकू, नका ना देऊ."

तो माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला होता.