नायक ढोलेने दिलेलं रीडिंग

मी तेव्हा पुण्यात लष्कराच्या एका इंजिनिअर कंपनीत नायब सुभेदार होतो. सरावासाठी आम्ही मुळा नदीवर लोखंडी पूल उभारला होता, सुटी पॅनल पिनांनी जोडून करतात तसला. पॅनलच्या खालच्या अंगाला बोटभर लांबीच्या स्ट्रेन गेजच्या पट्ट्या चिकटवलेल्या. भाराने लोखंड किती ताणलं जातं, ते काठावरच्या मीटरवर दिसायचं. गाडी उतरली की काटा शून्यावर यायला हवा. नाही आला, तर लोखंड कुठेतरी दुखावलंय असं समजायचं.

मीटर नायक ढोलेकडे होता. खराडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. खराडी तेव्हा गावच होतं. कमी बोलायचा. रीडिंगची लॉगवही तोच लिहायचा, अक्षर सुरेख.

त्या दिवशी दहाला ब्रिगेडियर साहेब पाहणीला येणार होते. सात चाळीसला भरलेला ट्रक पुलावरून गेला.

"साहेब, चार नंबर शून्यावर येत न्हाई."

"पट्टी सुटली असेल."

"दोनदा बघितलं. पट्टी ठीक हाय. पॅनल उतरवून बघाय पायजे."

पॅनल उतरवलं असतं तर दहापर्यंत पूल तयार झाला नसता.

"लॉगमध्ये लिहू नको," मी म्हणालो. "खाली जाऊन पट्टी बदल."

"आन् ट्रक?"

"फेऱ्या चालू राहतील. वेळ नाही."

"जी साहेब."

आठ पाचला ट्रक मधोमध आला. गोळी सुटावी तसा आवाज झाला. चार नंबरचं पॅनल पिनेपाशी फाटलं आणि पूल ट्रकसकट खाली बसला. ड्रायव्हर पोहून बाहेर आला. ढोले पुलाखालच्या फळीवर होता. त्याला काढेपर्यंत अकरा वाजले.

चौकशीत कर्नल साहेबांनी विचारलं, "बिघाड त्याने कळवला होता?"

"नो सर."

"खाली जायची ऑर्डर कोणाची?"

"कोणाची नाही, सर. स्वतःहून गेला."

लॉगमध्ये काहीच नव्हतं. माझं म्हणणं मान्य झालं.

पंधरवड्याने त्याचे वडील सामान न्यायला आले. मी ट्रंक पुढे केली. त्यांनी हात जोडले.

"पोरगं हुकूम नसताना खाली गेलं म्हनत्यात. तुमास्नी लई तरास झाला. माफी करा, साहेब."

मी म्हणालो, "इथे सही करा."

पुढे मला सुभेदारी मिळाली. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीत घर घेतलं. खराडी तिथून अर्ध्या तासावर. ढोलेचे वडील हयात होते तोवर मी गेलो नाही.

नायक ढोले हुकमानेच खाली गेला होता. हुकूम माझा होता. त्याचं रीडिंग बरोबर होतं.